घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावेत असे व्हिएतनामी चित्रपट

व्हिएतनामचे नाव काढले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी चित्रपटांनी दाखवलेले युद्धच उभे राहते, आणि त्या चित्रपटांत व्हिएतनामी माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात, आपल्या मुलाबाळांत बसलेला क्वचितच दिसतो. व्हिएतनामी दिग्दर्शकांनी स्वतःच्या घरांविषयी केलेले चित्रपट पाहायचे ठरवले ते यासाठीच. सासूबाई, आम्ही दोघे आणि दहा वर्षांचा मुलगा अशा चौघांनी मिळून या सुट्टीत त्यांतले तीन पाहिले. तिन्ही चांगले आहेत; पण सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्याच्या दृष्टीने त्यांच्यात बराच फरक आहे.

त्रान आन्ह हुंग यांचा ‘हिरव्या पपईचा गंध’ (1993) हा यांतला जगभर सर्वाधिक नावाजलेला चित्रपट. कान महोत्सवात पदार्पणातील उत्कृष्ट चित्रपटाचा ‘कॅमेरा द’ओर’ त्याला मिळाला आणि ऑस्करचे नामांकन मिळवणारा व्हिएतनामचा तो पहिला चित्रपट ठरला. 1951 सालच्या सायगावमधील एका घरात मुई नावाची लहान मुलगी कामाला येते. घरमालकिणीची मुलगी वारलेली आहे, ती असती तर मुईच्याच वयाची असती, आणि या एका गोष्टीमुळे मालकिणीची मुईवरची माया कधी शब्दांत न येताही सतत जाणवत राहते. वरच्या मजल्यावर पूजेत बुडालेली आजी, पैसे घेऊन अधूनमधून घरातून नाहीसा होणारा बाप आणि कापडाच्या दुकानावर संसार रेटणारी आई, असे हे घर आहे. ते सारे घर आणि अंगण फ्रान्समधल्या स्टुडिओत उभारले होते, यावर चित्रपट पाहताना विश्वास बसत नाही. म्हातारी मोलकरीण मुईला पपई चिरायला शिकवते तो प्रसंग आमच्याकडे दोनदा पाहिला गेला: सोललेली कच्ची पपई एका हातात धरून तिच्यावर सुरीने जवळजवळ उभे घाव घालायचे आणि मग वरून पातळ काप काढला की लांब, बारीक शेवया सुटतात. सासूबाईंना किसणीविना होणारे हे काम फारच आवडले. मुलगा मात्र अर्ध्या तासात कंटाळला, आणि त्याचा दोष नाही. संवाद अगदी थोडे आहेत आणि कॅमेरा पानावर ठिबकणाऱ्या चिकाकडेही निवांतपणे पाहत राहतो. उत्तरार्धातील प्रेमकथा संयत असली तरी मोठ्यांसाठीच आहे. हा चित्रपट मुले झोपल्यावर पाहावा.

मुलांबरोबर पाहायचा असेल तर व्हिक्टर वू यांच्या ‘हिरव्या गवतावर पिवळी फुले’ (2015) या चित्रपटापासून सुरुवात करावी. तो न्गुएन न्यात आन्ह यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे आणि त्याचे चित्रण मध्य व्हिएतनामच्या तेव्हाच्या फू येन प्रांतात झाले आहे. 1980च्या दशकाच्या अखेरचे गरीब खेडे, तिथे राहणारे थिएउ आणि तुओंग हे दोन भाऊ, आणि थोरल्याला आवडणारी शेजारची मुलगी. गैरसमजातून, मत्सराच्या भरात थोरला भाऊ धाकट्याला काठीने मारतो, धाकटा अंथरुणाला खिळतो आणि तरीही भावाविषयी त्याच्या मनात अढी राहत नाही. थोरल्याचा अपराधभाव चित्रपट घाईने धुऊन काढत नाही, हे मला फार मोलाचे वाटले. निसर्गदृश्ये क्वचित पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखी चकचकीत झाली आहेत, आणि पार्श्वसंगीत थोडे कमी असते तर बरे झाले असते. पण आमचा मुलगा शेवटपर्यंत हलला नाही.

तिसरा चित्रपट म्हणजे दांग न्यात मिन्ह यांचा कृष्णधवल ‘दहावा महिना येणार कधी’ (1984), आणि माझ्या मते तो या तिघांत श्रेष्ठ आहे. 2008 साली सीएनएनने आशियातील सर्वोत्तम चित्रपटांची यादी केली, तिच्यातही त्याचा समावेश होता. चांद्र पंचांगातील दहावा महिना उत्तर व्हिएतनाममध्ये भाताच्या कापणीचा. सीमेवर लढणाऱ्या नवऱ्याच्या चौकशीला गेलेली झुएन तो मारला गेल्याची बातमी घेऊन परतते; घरी आजारी सासरे मुलाच्या पत्राची वाट पाहत असतात, म्हणून ती काहीच सांगत नाही. गावातल्या शिक्षकाला हे कळलेले असते. त्याच्याकडून ती नवऱ्याच्या नावाने पत्रे लिहून घेते आणि ती घरात वाचली जातात. पुढे गावात कुजबुज सुरू होते आणि शिक्षकाची बदली होते. गावच्या च्येव नाटकात, म्हणजे उत्तरेकडील लोकनाट्यात, नवऱ्याला युद्धावर धाडणाऱ्या पत्नीची भूमिका झुएनच्याच वाट्याला येते, आणि गाता गाता तिला पुढे म्हणवत नाही. ले वान या अभिनेत्रीचा त्या क्षणीचा चेहरा विसरणे अवघड आहे. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला जिवंत आणि मृत माणसे एका बाजारात भेटतात अशी तिथली श्रद्धा आहे, आणि त्या बाजारात झुएनला नवरा भेटतो. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घराला तो प्रसंग समजावून सांगावा लागला नाही.

एक अडचण मात्र तिन्ही चित्रपटांना आहे. मराठी उपशीर्षके मिळत नाहीत. आम्ही इंग्रजी उपशीर्षकांवर पाहिले, आणि ती वाचून सासूबाईंना मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे होते. पपईच्या चित्रपटात ते सोपे गेले, भावांच्या चित्रपटात थोडी धावपळ झाली, आणि पत्रे वाचली जात असताना मध्येच माझा आवाज बसला. तेव्हा चित्रपट थोडा थांबवला.

झुएनने सांगून टाकायला हवे होते की नको, यावर त्या रात्री आमच्याकडे बराच वेळ वाद झाला. मुलगा म्हणाला, खोटे ते खोटेच. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत; दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, “त्या म्हाताऱ्याला पहिल्याच पत्रात कळलं असणार. मुलाचं बोलणं बाप ओळखत नाही होय? तोही सुनेसाठीच गप्प बसला असेल.”