ब्रोमेलियाडची कुंडी: मार्चमध्ये बदलावी की आर्द्रात?

लाल-केशरी तुऱ्याचं ब्रोमेलियाड नर्सरीतून घरी आलं की बहुतेकांचे हात शिवशिवायला लागतात. पानांचा पसारा हातभर आणि कुंडी मात्र वाटीएवढी, त्यातही बोट घातलं तर नुसता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. लगेच मोठी कुंडी आणावी असं वाटतं. पण या झाडाला कुंडी बदलून हवी आहे का, हे आधी ठरवायचं. कोणती कुंडी, कधी, कशी हे नंतर.

आपल्याकडे मिळणारे गुझमानिया, व्रीसिया, एकमिया, निओरेगेलिया हे सगळे मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. तिथे त्यातले बरेचसे झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मुळांचं मुख्य काम फांदी धरून ठेवणं. पाणी आणि अन्न घेतात ती पानं, त्यांच्या मधोमध तयार होणाऱ्या पेल्यात साठलेल्या पाण्यातून. म्हणून पूर्ण वाढलेल्या झाडालाही चार ते सहा इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीतला ओलावा मुळांना संपवता येत नाही, तो साचून राहतो आणि बुडखा सडतो.

आईची कुंडी बदलावी की पिल्लांची?

हा फरक न कळल्यामुळे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. अर्धापूर-वसमतकडच्या माणसाला तो चटकन समजेल: केळीचं खोड एकदा घड देतं आणि संपतं, पुढचं पीक मुनव्यावर. ब्रोमेलियाडचंही तसंच आहे. तुम्ही तुरा पाहून झाड विकत घेतलं, म्हणजे त्या झाडाचा फुलोरा येऊन गेला. ते पुन्हा फुलणार नाही. तुरा काही महिने टिकेल, मग वर्ष-दोन वर्षांत झाड हळूहळू वाळत जाईल आणि तेवढ्यात बुडाशी पिल्लं फुटतील.

तेव्हा फुललेल्या आईला, म्हणजे मूळ झाडाला, नव्या कुंडीत हलवण्यात फारसा अर्थ नाही. अपवाद दोनच: झाड कुंडीसकट कलंडत असेल, किंवा कुंडीतला कोकोपीट कुजून चिखल झाला असेल आणि वास येत असेल. न फुललेलं, वाढतं झाड असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा भरण बदललेलं चांगलं.

पिल्लांचे दोन मार्ग. आईपाशीच ठेवली तर ती लवकर मोठी होतात, जोम धरतात आणि कुंडी झुपकेदार दिसते. आई वाळली की तिला बुडातून कापून टाकायचं. वेगळी केली तर एकाची तीन झाडं होतात, पण फूल लांबतं आणि एखादं पिल्लू दगावण्याचा धोका राहतो. एकच खिडकी, एकच कुंडी असेल तर माझ्या मते हात लावू नये. वाटायला शेजारीपाजारी असतील तर वेगळी करावीत, पण पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश झाल्यावरच. अर्धं झालं तर आणखी बरं. बोटभर पिल्लू तोडलं तर ते बहुधा जगत नाही.

मार्च की आर्द्रा?

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, वसंतात कुंडी बदला. त्यांच्याकडे वसंतानंतर वाढीचा हंगाम येतो. आपल्याकडे मार्चनंतर येतात झळा. नव्या कुंडीत मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. मार्चमध्ये बदललेलं झाड मुळं धरेपर्यंत एप्रिलचा मध्य उजाडतो आणि परभणी, नांदेड, बीडला पारा चाळिशी ओलांडतो. हवेत ओलावा नसतो, पानांची टोकं करपतात आणि आपण घाबरून पाणी वाढवतो. मग वरून करपणं आणि खालून सडणं एकाच वेळी सुरू होतं.

जून-जुलैत हवा दमट असते, ऊन सौम्य असतं आणि वरून मऊ पाणी फुकट मिळतं. पण मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नये. मराठवाड्यात पाऊस येतो, उघडीप देतो आणि पुन्हा आठ-दहा दिवस मे महिन्यासारखं तापतं. आर्द्रा लागून हवा एकसारखी झाली की काम काढावं, म्हणजे जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. सलग झड लागली असेल तर तेवढे दिवस थांबा. चुकलंच तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडाही चालतो. ऑक्टोबरची कोरडी ऊब टाळावी आणि डिसेंबर-जानेवारी तर नकोच. परभणीच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हे झाड वाढ थांबवून बसलेलं असतं.

सडलेल्या झाडाला मात्र मुहूर्त नाही. मे महिना असला तरी त्याच संध्याकाळी बाहेर काढा आणि कूलर चालणाऱ्या खोलीत ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्यापेक्षाही जड झालेलं असतं.

मातीची कुंडी की प्लॅस्टिकची?

मातीची कुंडी जड, म्हणून झाड कलंडत नाही आणि ओलावा बाजूंनी निघून जातो. पावसाळ्यात ही उत्तमच. पण उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत कोरडीठाक होते आणि बोअरच्या पाण्याने बाहेरून पांढरे थर धरते. प्लॅस्टिकची हलकी असते, ओलावा धरते, पिल्लू काढताना दाबून सोडवता येते. मी दोन्ही वापरायला सांगेन: झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत आणि ती कुंडी मातीच्या जराशा मोठ्या कुंडीत उभी. बिनछिद्राची चिनी मातीची शोभेची कुंडी बैठकीत कितीही छान दिसली तरी तिच्यात झाड थेट लावू नका.

काय भरायचं

काळी माती नको, मूठभरसुद्धा नको. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि या मुळांना हवा लागते. नुसता कोकोपीटही आपल्याकडे फसवतो. वरून कोरडा दिसतो, आत गच्च ओला असतो. कोकोपीट एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल एक भाग, तिसऱ्या भागात लोणारी कोळसा आणि विटेचे बारीक तुकडे, एवढं पुरतं. शेणखत नको.

बदलताना

आदल्या दिवशी पेल्यातलं पाणी ओतून टाका. एकमियाच्या पानांच्या कडांना काटे असतात, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून धरा. काळी, पिचपिचीत मुळं कापा, टणक ठेवा. नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर एक इंच मोठी. झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच लावा. पानांचा बुडखा भरणात गाडला की सडलाच. डुगडुगत असेल तर मुळं धरेपर्यंत काडी रोवून सुतळीने सैल बांधा. तांब्याची तार नको.

तांब्याचं हे प्रकरण मोसंबीवाल्या घरांनी खास लक्षात घ्यावं. पिल्लाच्या कापावर घरात असलेली बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लावण्याचा मोह होतो. मोसंबीच्या खोडाला ती औषधं आहेत, पण दोन्हींत तांबं असतं आणि ब्रोमेलियाडला तांबं म्हणजे विष. कापावर कोळशाची पूड दाबा, दिवसभर सावलीत सुकू द्या आणि मग लावा.

पेल्यात पाणी शक्यतो पावसाचं, नाहीतर आरओचं घाला. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी नव्हे, त्यात क्षार जास्त असतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात शोभेच्या झाडाला आरओचं पाणी घाला म्हणणं कानाला खटकतं खरं. पण हे झाड आठवड्याला पेलाभर पाण्यावर राहतं. पावसाळ्यात दोन बाटल्या भरून ठेवल्या तर बरेच दिवस निघतात. दर आठवड्याला पेला उलटा करून ताजं पाणी भरा, नाहीतर त्यातच डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात.

महिनाभर खत नाही, थेट ऊन नाही. पूर्वेकडची सकाळची उन्हं चालतात. वेगळं केलेलं पिल्लू फुलायला एक ते तीन वर्षं घेतं. पूर्ण वाढूनही तुरा येत नसेल तर पेला रिकामा करा, झाडाशेजारी एक पिकलेलं सफरचंद ठेवा आणि दोन्हींवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी बांधून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू फुलोऱ्याला चालना देतो. अननस हा याच कुळातला, आणि त्याच्या शेतात सगळी झाडं एकदम फुलावीत म्हणून इथिलीन सोडणारं इथेफॉन फवारतात. पिशवी काढल्यावर तुरा दिसायला दीड-दोन महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात.