वही की पाकिटं?

बेताच्या मिळकतीत घर चालवायचं तर दोनच रीती टिकतात, असं माझं मत झालंय. एक, खर्च झाला की लिहायचा. दुसरी, खर्च व्हायच्या आधीच पैसे वाटून ठेवायचे, दर खर्चाचं नाव घातलेल्या वेगळ्या पाकिटात. वही मी सहा वर्षं चालवली, पाकिटांचं हे चौथं वर्ष. मोबाइलवरची अ‍ॅपं मी वहीतच धरतो. बोटाने लिहा नाहीतर पेनाने, लिहिणं खर्च झाल्यावरच.

वहीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण तिचे उपकार आहेत. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही सुरू केली. तिथे तिला ‘काकेइबो’ म्हणतात आणि लोक ती अजून वापरतात. उगाच नाही. हाताने लिहिताना खर्च दुसऱ्यांदा डोळ्यांसमोरून जातो. शाळेचा खर्च आपल्याला खातोय, अशी माझी पक्की समजूत होती. तीन महिन्यांच्या नोंदी मांडल्या तेव्हा कळलं, खात होतं ते ‘सहज जाता जाता’ घेतलेलं. रोजचे दहा म्हणजे वर्षाचे ३,६५०, हे गणित तोंडी सगळ्यांना येतं. स्वतःच्या अक्षरात वाचलं की जरा बोचतं. आपला पैसा जातो कुठे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने वहीनेच सुरुवात करावी.

पण माझं बिनसलं ते हिशेब जुळेना म्हणून नाही. जुळत नसलेलं मी ‘इतर’मध्ये ढकलायचो, सगळेच ढकलतात. बिनसलं ते “लिहिलंस का?” या प्रश्नावरून. दिवसभर राबून बायको घरात पाऊल टाकते आणि मी वही उघडून बसलेलो. ती म्हणायची, “आधी पाणी तरी पिऊ दे.” मला वाटायचं मी काटकसर करतोय, घरच्यांना वाटायचं नाक्यावर झडती चाललीय. एकदा मुलाच्या दप्तरात, अगदी आतल्या कप्प्यात, नवं खोडरबर सापडलं. लपवलंस का म्हणून विचारलं तर म्हणाला, “तुम्हाला लिहावं लागलं असतं.” त्या महिन्याची वही मी पुरी केली, पुढची आणली नाही.

पाकिटांत हे विचारणंच उरत नाही. आमची पाकिटं म्हणजे टपालाने आलेल्या बिलांची, खिडकीवाली. खिडकीतून नोटेची कड दिसते, नाहीतर नुसता पांढरा कागद. ‘कपडे’वर पांढरं दिसलं की पोरं स्वतःच म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. नाही म्हणायचं काम माझ्याकडून पाकिटाकडे गेलं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पैसा इथून तिथून सारखाच, तरी माणूस मनात त्याची वेगवेगळी खाती पाडतो, या सवयीचा अभ्यास अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी केला. २०१७ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. काटेकोर अर्थशास्त्राला ही सवय म्हणजे चूक वाटते. आमच्या घरात त्याच चुकीवर महिना निघतो.

कटकटी इथेही आहेत. पहिल्या वर्षी मी किराण्याची महिन्याला चार पाकिटं केली, आठवड्याला एक. बारा चोक अठ्ठेचाळीस, आणि वर्षाचे आठवडे बावन्न! २८ तारखेनंतरचे दोन-तीन दिवस बहुतेक महिन्यांत उघडे पडायचे. आता पाचवं, बारीकसं पाकीट असतं. विम्यासारख्या वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा बारावा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढावा लागतो; तो विसरलात तर कुठलीच रीत वाचवत नाही. आणि फोनवरून पैसे दिले की त्या खर्चाच्या पाकिटातली तेवढीच रोकड ‘बँकेत परत’ या पाकिटात घालायची. हे कंटाळवाणं आहे. मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा महिनाअखेर उसनवारी झाली. ज्यांचा जवळपास सगळा व्यवहार फोनवर होतो, त्यांना माझी शिफारस कदाचित लागू पडणार नाही. घरात फार रोकड ठेवणंही बरं नव्हे. आम्ही एका वेळी पंधरा दिवसांचीच काढतो.

एकट्याने हिशेब ठेवणारा, शिस्तीचा माणूस असेल तर वही त्याला पुरेल, आणि स्वस्तातही पडेल. घरात तीन-चार जण खर्च करणारे असतील, तर तीन महिने वही लिहून आकडे काढा आणि मग पाकिटांकडे वळा, असं मी सुचवेन. एका पाकिटातून दुसऱ्यात उचल करायची मुभा मात्र ठेवा, चिठ्ठी टाकून. परवा ‘सहली’च्या खिडकीतून मुलीचं अक्षर दिसलं: ‘चपलेसाठी घेतले. पुढच्या महिन्यात कपड्यांतून परत.’ मी काही विचारलं नाही.