गाढवाचा कॅन्सर, कोरडी पिशवी आणि माझे ५७,१०० रुपये

हे लिहावे की लिहू नये, याचा विचार मी सहा महिने केला. माध्यमिक शाळेत अठरा वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आपण गाढवाच्या कॅन्सरच्या नावाखाली ५७,१०० रुपयांना बुडालो, हे चारचौघांत सांगणे सोपे नसते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या दोन वीटभट्ट्यांवर मला बुडवणारा तोच भोंदू डॉक्टर तीच काळी बॅग घेऊन फिरून गेल्याचे कानावर आले आणि माझी लाज त्याच्याच कामी येत आहे, हे माझ्या लक्षात आले.

आमच्या घरी अण्णांच्या आजोबांपासून गाढवे आहेत. मी नोकरीला लागलो तरी अण्णा आणि धाकटा भाऊ अजून भट्टीवर माती व कच्च्या विटा वाहतात. तेव्हा दावणीला सात जनावरे होती. त्यातल्या एका गाढविणीच्या मांडीच्या आतल्या बाजूला चामखिळीसारखी, लिंबाएवढी गाठ होती. ती दोन वर्षांपासूनची होती आणि तिचा तिला काही त्रास नव्हता. दुसरे जनावर म्हणजे जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून ४२,००० रुपयांना आणलेला काठेवाडी दुवान, म्हणजे दोन दातांचा, नर. जूनमध्ये त्याच्या पुढच्या पायाला, खुराच्या वर, दोरी घासून जखम झाली. ती भरेना, उलट तिच्यातून लाल मांस वर येऊ लागले आणि त्यात पिवळसर, रव्यासारखे कण दिसू लागले.

आम्ही आधी सरकारी दवाखान्यात गेलो नव्हतो, असे कोणी म्हणू नये. दोनदा गेलो. पहिल्यांदा डॉक्टर लसीकरणाला गेले होते आणि दुसऱ्यांदा तिथल्या कर्मचाऱ्याने, ‘गाय-म्हैस असती तर बघितलं असतं, गाढवाचं आमच्याकडे काही नसतं,’ असे सांगून दार लोटून घेतले. त्याच संध्याकाळी भट्टीच्या मुकादमाने एक मोबाइल नंबर दिला. ‘घोड्यांचे मोठे डॉक्टर आहेत, रेसच्या घोड्यांवर काम केलंय,’ एवढी त्याची शिफारस.

तो माणूस मोटारीतून उतरला, अण्णांच्या पाया पडला आणि मला ‘सर’ म्हणाला. कार्डावर ‘अश्व व गर्दभ कर्करोग तज्ज्ञ’ असे छापलेले होते, खाली नोंदणी क्रमांकही होता. तपासणी फी ८०० रुपये. गाढविणीची गाठ आणि नराची जखम अशी दोन्ही ठिकाणे बोटाने दाबून त्याने मिनिटभर डोळे मिटले आणि म्हणाला, ‘सर, दोन्हीकडे कॅन्सरच आहे, पण मी रिपोर्टशिवाय बोलत नाही.’ या शेवटच्या वाक्याने मी त्याच्यावर विश्वास ठेवला. रिपोर्टशिवाय बोलत नाही म्हणणारा माणूस खोटा कसा असेल, असे मला वाटले.

ज्या क्षणी मला कळायला हवे होते तो क्षण यानंतरचा आहे आणि तो मी रोज रात्री पुन्हा पाहतो. त्याने दोन्ही जनावरांचे थोडे रक्त काढले, मग ब्लेडने गाढविणीच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा कापला, तो एका कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली आणि ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. जूनच्या उकाड्यात, शर्टाच्या खिशात! माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक माझ्या नोकरीच्या आधीपासून फॉर्मेलिनमध्ये उभा आहे. ऊती फॉर्मेलिनमध्ये ठेवली नाही तर ती सडते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात पाहण्यासारखे काही उरत नाही, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो. मी तो तुकडा खिशात जाताना पाहिला, माझ्या मनात प्रश्नही आला, आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरला कसे विचारायचे म्हणून मी गप्प राहिलो. अण्णांनी मात्र विचारले, ‘बाटली नाही का आणली?’ तेव्हा मीच त्यांना म्हणालो, ‘अण्णा, त्यांना त्यांचं काम करू द्या.’

प्रयोगशाळेचे प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ९,००० रुपये मी मोबाइलवरून एका बाईच्या खात्यावर पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता रिपोर्ट आले: गाढविणीच्या रक्तात ६२ टक्के कॅन्सर, नराच्या रक्तात ५८ टक्के. नराच्या रिपोर्टवर लिंगाच्या रकान्यात ‘मादी’ असे छापले होते. ती छपाईची चूक आहे, असे मीच भावाला समजावले.

पुढचे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलेच असेल. नराचा आजार ‘पसरणारा’ निघाला, माश्यांनी तो उरलेल्या पाच जनावरांत जाईल म्हणून त्याला तत्काळ हलवावे असे ठरले, आणि योगायोगाने अशी जनावरे ‘संशोधनासाठी’ घेणारा एक माणूस डॉक्टरांच्या ओळखीचा निघाला. ४२,००० रुपयांचे जनावर आम्ही ६,५०० रुपयांना दिले आणि वर त्याला चहा पाजला. गाढविणीला दर रविवारी एक अशी चार इंजेक्शने, प्रत्येकी २,२५० रुपये, म्हणजे ९,००० आणि जाळणाऱ्या काळ्या मलमाच्या दोन डब्या, १,४०० प्रमाणे २,८०० रुपये. तपासणी, रिपोर्ट, इंजेक्शने आणि मलम मिळून २१,६०० रुपये होतात, त्यात नरावर बुडालेले ३५,५०० मिळवा.

मलम लावल्यावर गाढवीण मागचा पाय आपटत राही आणि रात्रभर उभी असे. महिन्याभरात लिंबाएवढी गाठ मुठीएवढी झाली, फुटली, रक्ताळली आणि तिच्यावर माश्या बसू लागल्या. डॉक्टरांचा फोन तोवर लागेनासा झाला होता. शेवटी टेम्पो करून आम्ही तिला एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले, आणि जे पहिल्या दिवशी कळायला हवे होते ते तिथे कळले.

गाढविणीला होते ते सारकॉइड. घोडा, गाढव आणि खेचर यांच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच. गाई-बैलांच्या चामखिळीच्या विषाणूशी तिचा संबंध आहे. ती कातडीत खोलवर पसरते, पण फुप्फुसात किंवा यकृतात सहसा जात नाही. तिचा मोठा धोका अर्धवट छेडण्यात असतो. कापली, खरवडली किंवा जाळली आणि मूळ राहिले, तर ती दुप्पट जोमाने उसळते. म्हणूनच जाणता पशुवैद्य तिला डोळ्यांनी ओळखतो आणि पुढच्या उपचाराची तयारी असल्याशिवाय नुसता तुकडा कापत नाही. ब्लेड काढणाऱ्याला आधी विचारा की तुकडा काढल्यावर पुढे काय करणार, आणि उत्तर मिळेपर्यंत जनावराला हात लावू देऊ नका.

रक्ताच्या तपासणीवरून कातडीचा कॅन्सर ठरत नाही, टक्केवारीत तर नाहीच नाही. काढलेली ऊती फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात, तिचे पातळ काप काढून रंगवतात आणि मग तज्ज्ञ ते पाहतो. हे एका रात्रीत होत नाही, आमच्या खऱ्या रिपोर्टला नऊ दिवस लागले. तिथल्या डॉक्टरांनी गाठ मुळासकट काढली आणि तळ द्रव नायट्रोजनने गोठवला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तोच हा नायट्रोजन, म्हणजे परदेशातून आणायचे असे काही त्यात नव्हते.

आणि नराचे? मोबाइलमधला फोटो पाहून त्या डॉक्टर बाई म्हणाल्या की खात्री जनावर पाहिल्याशिवाय देता येणार नाही, पण उन्हाळा-पावसाळ्यात येणारी, पिवळे कण असलेली, न भरणारी जखम बहुतेक वेळा माश्यांनी जखमेत सोडलेल्या जंताच्या अळ्यांची असते. ती थंडीत आपोआपही आवळते आणि तिच्यावर जंताचे साधे औषध चालते. सारकॉइडच्या प्रसारातही माश्यांचा हात असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे, हेही त्यांनी सांगितले. त्या माणसाने अर्धे सत्य कुठून उचलले ते मला तेव्हा कळले. माशी खरी होती आणि तिच्याआडचा कॅन्सर खोटा होता. घोडेवाल्यांनाही सांगतो: पांढऱ्या पडत जाणाऱ्या घोड्याच्या शेपटीखाली काळ्या गोल गाठी दिसल्या, किंवा पापणीच्या अथवा जननेंद्रियाच्या गुलाबी कातडीवर न भरणारा व्रण दिसला, तर ते वेगळे आजार आहेत. तिथे मात्र वाट पाहू नका.

आता तक्रारीविषयी. पोलिस ठाण्यात मी लेखी अर्ज, दोन्ही रिपोर्ट आणि पैसे पाठवल्याचा पुरावा घेऊन गेलो. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारले, ‘तंबाखू खात होतं का गाढव?’ सगळे हसले, बाहेर बाकावर बसलेले दोन जणही हसले. मग मला सांगण्यात आले की जनावर तुम्ही राजीखुशीने विकले, उपचार तुम्ही सांगून करून घेतले, हा दिवाणी मामला आहे. फसवणुकीचे पूर्वीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, एवढे मी वाचून गेलो होतो. ते सांगितल्यावर ‘मग तुम्हीच गुन्हा नोंदवा, सर’ असे उत्तर मिळाले. पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयात म्हणाले की तो आमचा कर्मचारी नाही, सबब आम्ही काही करू शकत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी नसलेल्याला पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येत नाही, मग तो आपला कर्मचारी नाही हीच तर माझी तक्रार आहे, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी अर्ज दोन प्रतींत मागितला. दोन प्रती दिल्या, तेव्हा जनावराच्या मालकीचा पुरावा मागितला. गाढवाचा सातबारा असतो का? बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः मंजूर केला आहे. तीन कार्यालये, अकरा हेलपाटे, तीन किरकोळ रजा, आणि हाती आलेली वस्तू एकच: पोचीचा शिक्का.

कार्डावरचा नोंदणी क्रमांक मी नंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पडताळला. तो क्रमांक दुसऱ्याच माणसाचा होता. दहा मिनिटांचे काम होते. ८०० रुपये देण्याआधी ती दहा मिनिटे माझ्याकडे होती, पण जो माणूस अण्णांच्या पाया पडला त्याची पडताळणी करणे मला उद्धटपणाचे वाटले. पैसे ज्या खात्यावर मागतात त्याचे नाव आणि कार्डावरचे नाव एक नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि विकत घेणारा व आजार सांगणारा एकमेकांच्या ओळखीचे असतील, तर आजार कोणताही असो, जनावराचे दावे सोडू नका.

यंदाच्या पौष पौर्णिमेला अण्णा आणि भाऊ पुन्हा जेजुरीच्या बाजाराला गेले होते. डाव्या कानाच्या टोकाला खाच असलेला आमचा नर त्यांना तिथे दिसला. पायावरची जखम भरून रुपयाएवढा गुळगुळीत वण राहिला होता. विकणारा वेगळाच होता आणि त्याने किंमत ४५,००० रुपये सांगितली. अण्णांनी हाक मारली तेव्हा नराने कान टवकारून मान वळवली, असे भाऊ सांगतो. अण्णा घरी आले ते त्याविषयी माझ्याशी अजून एक शब्द बोललेले नाहीत.