आर्डुइनो रोबोट संच : आठवी-नववीच्या मुलांसोबत आठ महिन्यांचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी विज्ञान शिकवते. गेल्या जूनमध्ये शाळेने आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर चालणाऱ्या रोबोटचे सहा संच घेतले आणि आठवी-नववीची २४ मुले दर शनिवारी दोन तास त्यांवर काम करू लागली. प्रत्येक संचात उनो बोर्ड, बोर्डच्या आज्ञेनुसार मोटारींना वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, प्लॅस्टिकचे गिअर असलेल्या दोन पिवळ्या बीओ मोटारी, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, दोन इन्फ्रारेड सेन्सर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि सूचनापुस्तिका होती.

पुस्तिकेबरहुकूम पहिला रोबोट दोन तासांत तयार झाला आणि भिंत दिसताच वळूही लागला. मुले हरखून गेली. पण २० ऐवजी १० सेंटिमीटरवर थांबवायला सांगितले, तेव्हा त्यासाठी प्रोग्रॅममधील कोणती ओळ बदलायची हे एकालाही सांगता आले नाही. त्या दिवशी मी पुस्तिका कपाटात ठेवली आणि पुढच्या शनिवारपासून फळ्यावर फक्त एक आव्हान लिहू लागले.

पहिले आव्हान फरशीवर खडूने आखलेल्या तीन मीटरच्या रेषेवरून सरळ जाण्याचे होते. दोन्ही मोटारींना सारखाच वेग देऊनही एका गटाचा रोबोट सतत डावीकडे ओढत होता आणि मुले तासभर प्रोग्रॅम तपासत बसली. अखेर त्या गटातील आठवीच्या मुलीने दोन्ही मोटारींच्या तारांची ड्रायव्हरवर अदलाबदल करून पाहिली, तरीही रोबोट डावीकडेच गेला. "बाई, प्रोग्रॅम बरोबर आहे, मोटारच मंद आहे," असे ती म्हणाली, आणि प्रोग्रॅममधील उजव्या मोटारीच्या वेगाचा आकडा २०० वरून १८५ वर आणून तिने तो सरळ चालवून दाखवला. एका वेळी एकच गोष्ट बदलून दोष शोधणे मी प्रयोगवहीत वर्षानुवर्षे लिहून घेत आले आहे. ते स्वतःहून केलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

संचासोबत आलेल्या बॅटरीविषयी मात्र माझी तक्रार आहे. रोबोट वीतभर चालायचा, थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा मोटारी बंद असताना ९ व्होल्ट दिसत होते, पण त्या सुरू होताच आकडा झपाट्याने खाली येत होता. अशा बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोटारींना लागणारा प्रवाह ती पुरवू शकत नाही आणि व्होल्टेज पडले की बोर्ड रीसेट होतो. ३.७ व्होल्टचे दोन रिचार्जेबल लिथियम सेल एकापुढे एक जोडल्यावर हा त्रास थांबला. ड्रायव्हरमध्ये सुमारे दोन व्होल्ट खर्च होऊनही या मोटारींना पुरेसे उरतात. विक्रेत्याने हे सेल सुरुवातीलाच द्यायला हवे होते, कारण दोष आपल्याच जोडणीत आहे असे समजून काही मुले दोन शनिवार खट्टू झाली होती.

इन्फ्रारेड सेन्सर वर्गात उत्तम चालतात. काळ्या चिकटपट्टीवरून किरण फारसे परावर्तित होत नाहीत आणि पांढऱ्या कार्डशीटवरून होतात, एवढ्या फरकावर रोबोट वाट धरतो. प्रदर्शनाच्या दिवशी व्हरांड्यात ऊन आले आणि सगळेच रोबोट भरकटले, कारण उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात. मुलांनी सेन्सरभोवती पुठ्ठ्याचे आडोसे चिकटवले आणि त्यावरील छोटा स्क्रू फिरवून संवेदनक्षमता कमी केली.

सर्वांत जास्त शिकवले ते लिंबू-चमच्याच्या शर्यतीने. रोबोटवर चमचा बांधून त्यातले लिंबू न पाडता भिंतीपर्यंत न्यायचे आणि १० सेंटिमीटरवर थांबायचे, असे ते आव्हान होते. एकदम वेग दिला की लिंबू मागे पडे, एकदम थांबवले की पुढे. जडत्वाची व्याख्या पाठ असलेली नववीची मुले ते समोर पाहत होती. मग त्यांनी वेग शून्यापासून पाच-पाचने वाढवणारे लूप लिहिले आणि भिंत ४० सेंटिमीटरवर येताच तो तसाच उतरवायला सुरुवात केली. सहापैकी चार गटांना ते जमले.

आठ महिन्यांत पाच मोटारींचे प्लॅस्टिकचे गिअर झिजले, भाग एकमेकांना जोडणाऱ्या जंपर वायरी तर सतत तुटतात आणि एक बोर्ड उलट जोडणीमुळे जळाला. नवा संच घेणाऱ्या शाळेने सुट्या मोटारी, जास्तीच्या वायरी, लिथियम सेलचा योग्य चार्जर आणि प्रत्येक गटाला एक मल्टिमीटर यांची सोय पहिल्याच खरेदीत करावी. आमच्याकडे एकच मल्टिमीटर होता आणि त्यासाठी दर शनिवारी रांग लागत असे.