बेरात की जिरोकास्तर?

अल्बानियात एकाच जुन्या शहरापुरता वेळ असेल तर? दोन्ही ऑटोमन वळणाची, दोन्ही युनेस्कोच्या यादीत. जिरोकास्तर २००५पासून, बेरात २००८पासून. जिरोकास्तर रांगडं. घरं छोट्या गढ्यांसारखी, छपरंसुद्धा दगडी फरशांची. हुकूमशहा एन्वर होजा आणि कादंबरीकार इस्माईल कादारे, दोघंही इथलेच, हे विशेष!

बेरात मवाळ. ओसुम नदीकाठच्या उतारावर पांढरी घरं आणि एकावर एक रचल्यासारख्या खिडक्या. वरच्या किल्ल्यात अजूनही लोकवस्ती आहे. तिथल्याच जुन्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातल्या ओनुफ्रीची धार्मिक चित्रं पाहायला मिळतात. त्याच्या लाल रंगासाठी तो ओळखला जातो. राजकीय इतिहासाची ओढ असेल तर जिरोकास्तर गाठा. माझं मत मात्र बेरातला, त्या किल्ल्यापायी.