ई२० वर दहा महिने: कार्बोरेटर नव्हे, टाकीचं झाकण बघा

बाईक २०१४ ची, १०० सीसी, मुंबईत बारा महिने उघड्यावर उभी. चालते ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर. ऑगस्टमध्ये बंद पडली तेव्हा सर्व्हिस सेंटरचा निकाल तयार होता: ‘ई२० ने कार्बोरेटर खाल्ला, नवा टाका, ३,८०० रुपये.’ टाकला नाही. दोष निघाला झाकणात.

मायलेजचं आधी उरकतो. ई१० (१० टक्के इथेनॉल) वर ५८ होतं, ई२० वर ५३. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा, त्यामुळे साडेतीन टक्के, म्हणजे दोनेक किलोमीटर, जाणारच. बाकीचे तीन सेटिंगचे. मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), गाडी ओढत नाही आणि आपण थ्रॉटल पिळत बसतो. कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू इंजिनाकडे असेल तर अर्धा फेरा बाहेर, एअर फिल्टरकडे असेल तर आत. ५५ झालं. बाऊलची (कार्बोरेटरखालची इंधनाची वाटी) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, फुगलेली दिसली तर बदला.

आता झाकण. त्याच्या खळग्यात एक बारीक भोक असतं, पावसाचं पाणी तिथून टाकीखालच्या नळीने जातं. ते मातीने बुजलं की पाणी तुंबतं आणि कडक झालेल्या रबराखालून टाकीत झिरपतं. ई२० थोडं पाणी जिरवतं, म्हणून पावसाळ्यात ते बरंच, असं जुलैपर्यंत मत होतं. मागे घेतो. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला बसतं, म्हणजे तळाचा थर निव्वळ पाण्याहून कितीतरी मोठा.

खूण सोपी: मेनवर गाडी चालते, रिझर्व्हला घेतली की मरते, कारण रिझर्व्हचं तोंड तळाशी असतं. पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडा, पारदर्शक बाटलीत धरा. दोन थर दिसले तर पूर्ण टाकी रिकामी करायची. वरून ताजं भरून भागत नाही, आणि वरचं पेट्रोल वाचवायचा मोह (लिटरला शंभरावर मोजलेले असतात!) झालाच तर मोजनळीत त्याचं ९० मिली आणि १० मिली पाणी हलवून ठेवा. खालचा थर २८ मिलीच्या आसपास हवा: १० पाणी आणि ९० मधलं १८ इथेनॉल. बराच कमी आला तर इथेनॉल गेलंय, ऑक्टेनही (इंजिन ठोकू न देण्याची पेट्रोलची ताकद).

भोक क्लच वायरच्या एका तारेने साफ होतं. झाकण लावून खळग्यात कपभर पाणी ओता, खाली नळीतून लगेच पडलं पाहिजे. रबर ६० रुपयांचं. मे महिन्यातच बदलून घ्या.