बाबांचं पुस्तक पुन्हा छापायला दिलं, त्याचा 14 महिन्यांचा अनुभव

बाबा कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मसाई पठार, आंबोली, राधानगरीकडचे सडे भर पावसात तुडवून त्यांनी तिथल्या वनस्पतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 1998 मध्ये एका मोठ्या शैक्षणिक प्रकाशनाने ते काढलं. 2019 मध्ये बाबा गेले तेव्हा ते कुठेच मिळत नव्हतं. राजारामपुरीतल्या आमच्या घरी मुलं झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन यायची, पुसट पानं बाबांच्या प्रतीशी ताडून बघायला. म्हणून आम्हीच प्रकाशकाला पत्र लिहिलं.

मागणी साधी होती. बाबांनी स्वतःच्या प्रतीत पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या घ्याव्यात. उदाहरणार्थ, पुस्तकात कंदीलपुष्पाचं कुळ अ‍ॅस्क्लेपिएडेसी आहे. ते कुळ आता अ‍ॅपोसायनेसीत धरतात, आणि बाबांनी समासात तसं लिहून ठेवलं होतं. दुसरं, त्यांनी रॉट्रिंग पेनने काढलेली मूळ चित्रं कपाटात जपून ठेवलीत, ती वापरावीत.

पहिले पाच महिने फक्त फॉर्म. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद सगळं पाठवलं, तरी 'लेखकाने सही करावी' असा मेल तीनदा आला. तिसऱ्यांदा आईने तो वाचला आणि काही न बोलता आत निघून गेली. ते मी विसरणार नाही.

मग एके दिवशी न कळवताच पुस्तक आलं. कागद चांगला, बांधणी पक्की, हे मान्य. पण कुठल्या तरी ग्रंथालयाची प्रत स्कॅन करून मजकूर यंत्राने उतरवलेला. एका चित्रावर ग्रंथालयाचा गोल शिक्का तसाच. बाबांनी ठिपक्या-ठिपक्यांनी दाखवलेली पाकळीवरची लव म्हणजे नुसता काळा डाग. आणि पान, फूल बघत टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणारी जी ओळखकिल्ली, तिच्यातल्या आडव्या रेघाच उडालेल्या. पानाची लांबी 3-5 सेंटिमीटर, तिथे छापलंय 35! सड्यावर उभं राहून एखादी मुलगी हे वाचणार आणि भलत्याच झाडाचं नाव लिहून घेणार. मुखपृष्ठावर बाबांचं नाव आहे, चूक त्यांचीच ठरणार. दुरुस्त्यांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, हक्क आमच्याकडे, ही जुनीच आवृत्ती.

इथे ओळखीच्या वकिलांनी जुना करार नीट वाचला. त्यात मुदतीची जागा कोरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. ही तरतूद 1994 च्या दुरुस्तीतली, त्याआधीच्या करारांना ती लागत नाही. आमचा 1998 चा. म्हणजे हक्क 2003 मध्येच बाबांकडे परत आले होते आणि आता ते वारसांकडे आहेत, मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2079 अखेरपर्यंत. आम्ही 14 महिने ज्यांच्या विनवण्या केल्या, त्यांनीच खरं तर आमची परवानगी घ्यायला हवी होती. कुणी अशा कामाला हात घालणार असेल, तर पहिल्या पत्राआधी करार काढून बघा.

नोटीस पाठवली आहे, उत्तराची वाट बघतोय. मूळ चित्रं इथेच कोल्हापुरात 600 डीपीआयला स्कॅन करून घेतली. लव दिसते, एकेक ठिपका मोजता येतो. मजकूर नव्याने टाइप होतोय. रोज रात्री जेवणं झाली की आई भिंग घेऊन बाबांची प्रत मोठ्याने वाचते, "तीन ते पाच," आणि मी प्रुफावर खूण करते.